हिनकलचे मध्यमवर्गीय

म्हैसूरजवळच्या हिनकल गावी भुजंगरावांकडे मुलीवाले आले होते. भुजंगरावांचा मुलगा राघवेंद्र शाळामास्तर. पुण्याहून म्हैसूरला आलेल्या विजयरावांची मुलगी अवनी आणि तो, दोघांचं आधीच जमलं होतं. कॉफी पिता पिता विजयराव म्हणाले, "मध्यमवर्गीय म्हणून राहायचं तर हल्ली महिना दोन लाख तरी हवेत. तुमचे सगळ्यांचे मिळून किती?"

"पंचावन्न हजार."

"मग भुजंगराव, तुम्ही गरीबच की हो!"

भुजंगराव असे भडकले की पेल्यातली कॉफी पुन्हा उकळली आणि चामुंडी टेकडीवरच्या दगडी नंदीनं मान वळवून पाहिलं. "साकु!" ते कानडीत गरजले. "पुरे झालं! आमचे पणजोबा महाराजांचे घोडेस्वार! आम्ही मध्यमवर्गीय, रेशनच्या स्वस्त तांदळाला कधी शिवलो नाही!"

"शिवलो नाही, की शिवू दिलं नाही?" त्यांच्या पत्नी भागीरथीबाई स्वयंपाकघरातून कडाडल्या. "तुमचा छापखाना बंद पडला तेव्हाही नाही! पोरं नुसती पातळ गंजी पिऊन झोपली तुमच्या त्या मध्यमवर्गापायी!"

विजयराव हळूच चपला शोधू लागले.

"बसा हो तुम्ही! लग्न होणार," त्या डाफरल्या आणि अवनीकडे वळल्या. "तू ये गं. पण या दोघा बापांनी तो 'मध्यमवर्गीय' शब्द पुन्हा काढला, तर दोघांनाही जेवायला वाढणार नाही."