लिंडक्विस्टबाईंच्या नावाचा ट्रे

मी ओव्हनमध्ये ठेवायचा एक जुना ट्रे आहे, मित्रांनो. चार कोपरे, त्यातला एक वाकलेला. अंगावर कधीकाळी चकाकी होती, आता सगळं काळपट तपकिरी. मला चटका बसत नाही की थंडी वाजत नाही. तेव्हा पुढची हकिगत सांगताना माझा आवाज कोरडा वाटला तर राग मानू नका. मी आहेच तसा.

कारखान्यात एका ठोक्यात मला घडवलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. अमेरिकेतल्या डे मॉइन शहरात अर्डिस लिंडक्विस्टबाईंनी मला घरी नेलं आणि पहिल्याच दिवशी उलटा करून पाठीवर कागदी चिकटपट्टी लावली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं, ‘लिंडक्विस्ट’. आमच्याकडे सगळ्याच भांड्यांना असं करतात. चर्चच्या जेवणाला घरटी एक पदार्थ येतो. शेवटी वीस-पंचवीस भांडी ओट्यावर उरतात आणि पट्टीवरचं नाव बघून बायका ज्याचं त्याला पोचवतात. तीस वर्षं मी त्यांच्याकडे बिस्किटं भाजली. “अर्डिस, तुझ्या हाताला चव आहे हो!” असं सगळे म्हणायचे. ट्रेला कोण काय म्हणतं?

पुढे अर्डिसबाईंचे यजमान गेले. एकटीला एवढा मोठा ट्रे कशाला, म्हणून त्यांनी मला चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीत ठेवलं. तिथून मला जोलीनने उचललं. जोलीन शाळेची बस चालवायची आणि तिचं हसणं तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. तिच्या घरात वेड नावाचा नवरा आणि ब्रिन नावाची मुलगी, एवढीच माणसं.

जोलीनने माझ्या पाठीवरची पट्टी काढली नाही. त्यामुळे झालं काय, की चर्चच्या जेवणाला मी गेलो की दर वेळी अर्डिसबाईंकडे पोचायचो. दुसऱ्या दिवशी त्या मला काखोटीला मारून जोलीनच्या दारात हजर.

“अगं बाई, काढ ना एकदा ती पट्टी! मी काय तुझी हमाल आहे?”

“काढली तर तुम्ही कॉफीला कशाला याल? बसा आता.”

असं सात वर्षं चाललं. दोघींनाही ते हवंच होतं.

माझा मानाचा दिवस मात्र तीस ऑक्टोबर. इतरत्र हॅलोविन एकतीसला असतो, आमच्याकडे आदल्या दिवशी. त्या संध्याकाळी पोरं भुताखेतांची सोंगं घेऊन दारोदार हिंडतात. एखादा फालतू विनोद सांगितल्याशिवाय आमच्याकडे कोणी गोळी-चॉकलेट हातावर ठेवत नाही. पोटात काही नसताना ब्रिनने गोड खाऊ नये, म्हणून जोलीन आधी ‘ममी’ करायची, म्हणजे इजिप्तमधल्या गुंडाळलेल्या प्रेतांसारखा दिसणारा खाऊ. सोपं काम. कागदी डब्यात दाबून भरलेलं विकतचं पीठ लाटायचं, त्याच्या पट्ट्या कापायच्या, सॉसेजभोवती बँडेजसारख्या गुंडाळायच्या आणि माझ्यावर ओळीने मांडायच्या. भाजून झाल्या की मोहरीच्या चटणीचे दोन ठिपके, ते डोळे. आतलं सॉसेज म्हणजे मेलेल्या राजाचं बोट आहे, असं जोलीन घोगऱ्या आवाजात सांगायची आणि ब्रिन किंचाळत किंचाळत चार खायची.

जूनमध्ये जोलीन गेली. तीन आठवड्यांचं दुखणं.

दफनानंतर चर्चमध्ये जेवण झालं. कोणीतरी त्यांच्याच घरून मला आणलं होतं, माझ्यावर पाव ठेवले होते. आवराआवर करणाऱ्या बायकांनी पाठ बघितली आणि मला अर्डिसबाईंच्या गाडीत ठेवलं. नेहमीचीच चूक. दुसऱ्या दिवशी अर्डिसबाईंनी मला काखेत घेतलं, दारापर्यंत गेल्या, परत आल्या आणि ओव्हनखालच्या खणात मला सरकवून दिलं. जुलै गेला, ऑगस्ट गेला. खणात अंधार होता. मला काही वाटलं नाही.

सप्टेंबरात एके सकाळी त्या फोनवर बोलत होत्या. पलीकडे चर्चमधली कोणी मैत्रीण असावी.

“काय सांगतेस? ब्रिन बोलतच नाही बापाशी?... ट्रे? कुठला ट्रे?... त्याने फेकला असं म्हणते ती?... हो, जोलीनचे कपडे देऊन टाकले त्याने, ते मला माहीत आहे. बरं. बरं, ठेवते.”

त्यानंतर त्यांनी खण उघडला, माझ्याकडे बघितलं आणि बंद केला. मित्रांनो, मला वाटत नाही काही, तरी तो खण बंद झालेला मला आवडला नाही. एका पोरीचा बाप तिच्या नजरेतून उतरत होता आणि त्याचं कारण मी इथे पडून होतो. मग रोजचाच तो कार्यक्रम झाला. त्या मला गाडीत ठेवायच्या, चावी हातात धरून बसून राहायच्या आणि परत घरात आणायच्या. “काय तोंडाने जाऊ?” एवढंच पुटपुटायच्या.

तीस ऑक्टोबरला दुपारी चारला दार वाजलं. ब्रिन होती. नऊ वर्षांची पोर, सोंग नाही, काही नाही, साधं जाकीट.

“अर्डिसबाई, आमचा ट्रे तुमच्याकडे आहे का? त्याच्यावर तुमचं नाव आहे. मला आज शाळेत आठवलं.”

“आहे.”

“कधीपासून?”

“तुझ्या आईच्या जेवणाच्या दिवसापासून.” अर्डिसबाई दाराची कड धरून उभ्या होत्या. “तुझ्या बाबांनी काही टाकलं नाही, पोरी. माझ्याकडे होता. मला माहीत होतं आणि मी दिला नाही.”

“का?”

“तो घेऊन आले की तुझी आई दार उघडायची. आता ती उघडणार नाही, ते मला बघवलं नसतं. माझं चुकलं.”

ब्रिनने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. मग म्हणाली, “चला. मी उघडते दार.”

घरी वेड कामावरून नुकताच आला होता. मला बघून तो जागचा हलला नाही.

“तू टाकला नव्हतास,” ब्रिन म्हणाली.

“नाही.”

“मग सांगायचं ना तसं! मी किती काय काय बोलले तुला!”

“मला आठवतच नव्हतं गं,” वेड म्हणाला. “जूनमधलं काहीच आठवत नाही मला. तू म्हणालीस टाकला, मला वाटलं, टाकलाही असेन.”

अर्डिसबाईंनी सरळ फ्रिज उघडला. पीठ होतं, सॉसेज होती, वेडने आणून ठेवली होती आणि करायचं धाडस झालं नव्हतं.

करायला घेतलं ते वेडनेच. उघडण्यासाठी पिठाचा डबा टेबलाच्या कडेवर आपटला, तो फट्‌कन फुटला, तसा तो स्वतःच दचकला. त्याने पट्ट्या कापल्या त्या बोटभर रुंद. सॉसेज पार झाकून टाकली.

“अरे बाबा, तोंड कुठेय त्याचं? श्वास कसा घेणार?” ब्रिनने विचारलं.

“ममी आहे ना ती? मेलीय की.”

“म्हणून काय झालं? फट ठेवायची असते. आई ठेवायची.”

त्याने फट ठेवली. अर्डिसबाई म्हणाल्या, “कुरबूर थांबवा आणि ब्रिन, तू एखादा विनोद सांग, नाहीतर संध्याकाळी हात हलवत येशील.”

“भूत जिन्याने का जातं? भिंतीतून जाऊन जाऊन डोकं दुखतं म्हणून.”

“अगदीच फालतू आहे,” अर्डिसबाईंनी निकाल दिला.

“मग चालेल,” ब्रिन म्हणाली.

मी ओव्हनमध्ये गेलो. खालून करपल्या थोड्या, माझा एक कोपरा वाकडा आहे ना. डोळे वेडने काढले, एकाचे दोन्ही एकाच बाजूला. रडलं कोणी नाही. तिघं टेबलाशी बसली. ब्रिनने एक ममी खाल्ली, सावकाश, शेवटपर्यंत.

“जमलंय का?” वेडने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली आणि दुसरी उचलली. “बाबा, मीठ दे.”

सप्टेंबरपासून ती त्याच्याकडे काही मागत नव्हती. वेडने मीठ दिलं.

मित्रांनो, भांडं घासून पुसून ठेवावं, ओलं ठेवलं की गंज चढतो, हे तुम्हाला घरी शिकवलं असेलच. माझं मागणं वेगळं आहे. ज्या घरातलं माणूस गेलंय, त्या घरचं भांडं तुमच्याकडे राहिलं असेल, तर आजच नेऊन द्या. काय बोलावं सुचत नाही म्हणून थांबू नका. कुणालाच सुचत नाही. नुसतं दार वाजवा. तुम्ही खण बंद करून बसता, तेव्हा त्या घरात कोणीतरी न केलेल्या चुकीबद्दल मान खाली घालून जेवत असतं.