बिनआवाजाची मोटर

"ही मोटर? मला वाटलं, ट्यूना माशाचा डबा ठेवलायस," विल्हो कांगास म्हणाला आणि टेबलावरचा तो चपटा धातूचा गोळा त्याने बोटाच्या टोकाने दूर ढकलला.

डॉरीन पेनहेलने मोटर जागेवर सरकवली. तिच्या सायकलच्या दुकानात त्याची या आठवड्यातली ही चौथी खेप होती. पहिल्या खेपेला तो किमतीवर घसरला, दुसऱ्या खेपेला मोटर बनवणाऱ्या चिनी माणसांवर आणि तिसऱ्या खेपेला तिच्या बापावर. म्हातारा पेनहेल सायकली दुरुस्त करायचा. ही पोरगी सायकलींची स्कूटर करून विकते, असं विल्हो भर दुकानात म्हणाला होता.

"मिस्टर कांगास, तुम्हाला मोटर नकोच असेल तर तसं सांगा. मला दुसरी कामं आहेत."

"नकोच आहे. पण डॉक्टर नावाच्या गाढवाला हवीय."

डॉक्टरचं म्हणणं साधं होतं: वय अडुसष्ट, हृदय थकलेलं, तेव्हा हॅनकॉकचा चढ सायकलने चढायचा असेल तर मोटर लावा, नाहीतर सायकल सोडा. मे महिन्यात विल्होचा त्या चढावर दम कोंडला होता. पास्टीच्या, म्हणजे खिमा भरलेल्या मोठ्या करंज्यांच्या, दुकानासमोर तो फुटपाथवर मटकन बसला, आणि आतून मालकाने धावत खुर्ची आणून दिली. दम लागल्याचं त्याला काही वाटलं नाही. ती खुर्ची मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. त्या माणसाच्या घरचा पियानो त्याने वीस वर्षं सुरात लावला होता आणि वीस वर्षं त्याला ठोंब्या म्हणत आला होता.

पियानो सुरात लावून देणं हा विल्होचा धंदा. कालव्याच्या दोन्ही काठांवर, हॅनकॉक आणि हॉटन या समोरासमोरच्या गावांत, बेचाळीस वर्षं तो हेच करत होता. सायकलच्या मागच्या कॅरिअरला हत्यारांची चामडी पेटी, खिशात थर्मास, आणि तोंडात गिऱ्हाइकांबद्दलची मतं. लोक पियानोवर कुंड्या ठेवतात. लोक पियानो हीटरला चिकटवून ठेवतात. सूर लावून झाला की लोक "वा, छान" म्हणतात, आणि त्यांना आधीचा आणि नंतरचा फरक काडीइतका कळलेला नसतो. गाढवापुढे गीता वाचून पोट भरायचं, दुसरं काय! ज्यांनी विजेवर चालणारे पियानो घेतले त्यांची नावंसुद्धा तो घेत नसे. तो "टोस्टरवाले" म्हणे. हिवाळ्यात बर्फ पडलं की त्याची बहीण त्याला गाडीने सोडायची आणि वाटभर बोलायची, म्हणून त्याला हिवाळाही आवडत नसे.

आता हाच माणूस म्हातारपणी शिंगं मोडून वासरांत शिरायला निघाला होता, आणि ते त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

"पुन्हा एकदा सांगते," डॉरीन म्हणाली. "तुमची सायकल आहे अडुसष्ट सालची. मागच्या चाकात गिअर आहेत, ते चाक मी काढणार नाही. म्हणजे मोटर पुढच्या चाकात. चाक धरणारा पुढचा फोर्क पोलादी आहे म्हणून हो म्हणतेय. अॅल्युमिनियमचा असता तर मोटरच्या जोराने कधीतरी तुटला असता आणि तुमचे दात माझ्या नावावर लागले असते. फोर्कची खाच जरा कानशीने घासावी लागेल, बाजूला एक पट्टी लावावी लागेल. झालं."

"आणि पेडलपाशी बसते ती?"

"ती चढाला सगळ्यात चांगली. पण तिची किंमत ऐकून मागच्या वेळी तुम्ही दार आपटून गेलात."

"माझी अख्खी सायकल तेवढ्याची नाही."

"तुमची अख्खी सायकल कितीची आहे ते मी सभ्यपणामुळे बोलत नाही."

विल्होने कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. लायब्ररीत बसून त्याने तो छापून घेतला होता. किट, बॅटरीसकट, निम्म्या किमतीत, घरपोच.

डॉरीनने तो वाचलाही नाही. "ही बॅटरी कोण बनवतं?"

"लिहिलेलं नाही."

"नाहीच लिहिलेलं. ती रात्रभर तुमच्या स्वयंपाकघरात चार्ज होणार. पेटली तर तुमचा पियानो, तुमची ती वाफेच्या अंघोळीची साउना, तुम्ही, सगळं एका दमात. पैसे वाचवायचेत ना? मोटरमध्ये वाचवा. बॅटरीत नको. या दोनपैकी एक घ्या आणि मला सोडा."

दोन होत्या. एक मोठी आणि वजनदार. आत दातेरी चाकं नाहीत, त्यामुळे चालताना आवाज नाही, पण महाग. दुसरी हा ट्यूनाचा डबा. हलकी, चढाला बरी, बरीच स्वस्त.

"हिच्यात खोट काय?" विल्होने विचारलं. स्वस्त वस्तूत खोट असतेच, हे त्याचं बेचाळीस वर्षांचं शहाणपण होतं.

"आवाज. मोटर थोडी गुरगुरते. पण तिच्यासोबत जो कंट्रोलर येतो ना, वीज कमीजास्त करणारा, तो शिट्टी मारतो. दोन गिऱ्हाइकांनी परत आणलीय. तुम्ही तर दुसऱ्याच दिवशी आणाल."

"म्हणजे आवाजाची भीती मला दाखवतेस? बाई, मी जन्मभर कान विकून जेवलोय. चाकात डास घेऊन मी फिरणार नाही. वाजवून दाखव."

तिने दोन्ही मोटरी स्टँडवरच्या चाकांत बसवलेल्याच होत्या. आधी मोठी फिरवली. विल्होने डोळे मिटले, मान किंचित कलती केली. गिऱ्हाइकांसमोर तो नेहमी अशीच मान कलती करायचा. बायका ते पाहून हळू आवाजात बोलू लागायच्या. "ठीक आहे," तो म्हणाला. त्याच्या तोंडून हे म्हणजे मोठंच कौतुक होतं.

मग छोटी. मांजर गुरगुरावं तसा खालच्या पट्टीतला आवाज आला. विल्हो वाट पाहत राहिला.

"मग? शिट्टी कुठंय?"

"ही काय!"

"कुठे?"

"दात शिवशिवतायत माझे, आणि कुठे म्हणताय? चेष्टा करताय का?"

"तुझ्या कानात मळ असेल. गुरगुरतेय, बस. शिट्टीबिट्टी काही नाही. महागातली खपवायला हा बाजार मांडलायस, एवढं न कळायला मी काय..."

दाराशी झोपलेला डॉरीनचा म्हातारा कुत्रा उठला. कान मागे पाडून त्याने एकदा स्टँडकडे पाहिलं आणि नाखुशीने बाहेर उन्हात जाऊन बसला. पलीकडे हेल्मेट बघत उभ्या असलेल्या बाईने एका कानावर तळवा धरला. "डॉरीन, बंद कर गं ते!"

विल्होने तिच्या कानावरच्या तळव्याकडे पाहिलं.

डॉरीनने बटण बंद केलं. त्याच्याकडे पाहिलं, मग चाकाकडे. "मिस्टर कांगास, एक करू या. मी चाक धरून ठेवते, म्हणजे गुरगुर येणार नाही. नुसती वीज देते, क्षणभरच. तुम्ही डोळे मिटा आणि शिट्टी आली की सांगा."

त्याने डोळे मिटले. मान कलती केली नाही.

"आता?" तिने विचारलं.

"काही नाही."

"आता?"

"काही नाही."

थोडा वेळ गेला. बाहेर कालव्यावरच्या लिफ्ट ब्रिजवरून ट्रक गेलेला त्याला ऐकू आला, स्पष्ट.

"आता?"

"अगं, सुरू तरी कर आधी!"

त्याने डोळे उघडले. डॉरीनचा अंगठा बटणावर दाबलेला होता. हेल्मेटवाली बाई दुकानाबाहेर निघून गेली होती.

"तिन्ही वेळा सुरू होती," डॉरीन हळूच म्हणाली. "वयाने होतं असं. माझ्या बाबांचंही झालं होतं. वरचे आवाज जातात आधी. तुम्ही कानाच्या डॉक्टरकडे..."

तिच्या आवाजातला टोमणा गेला होता. ते त्याला सहन झालं नाही. आठवडाभर ही बाई त्याला तोडीस तोड उत्तरं देत होती, आणि आता ती त्याच्याशी पास्टीवाल्यासारखी बोलत होती, जणू खुर्ची पुढे करून.

"छोटी बसव," तो म्हणाला.

"पण तिचा आवाज..."

"मला ऐकू येत नाही ना? मग ज्याला येतो त्याने कान झाकावेत. जास्तीचे पैसे मी दुसऱ्यांच्या कानांसाठी का मोजू? स्वस्तातली बसव."

घरी येऊन तो आपल्या पियानोपुढे बसला. खालच्या पट्ट्या भरदार होत्या, मधल्या लख्ख. तो वर वर जात राहिला. शेवटच्या सप्तकात सूर बारीक होत होत विरत गेला, आणि अगदी वरच्या चारसहा पट्ट्यांना फक्त टक, टक असा लाकडाचा ठोका आला. हा ठोका त्याने गेली काही वर्षं सगळ्याच घरांत ऐकला होता. तारा गंजल्यात, म्हणायचा तो. पियानो मेलाय तुमचा, म्हणायचा. आणि तारेची खुंटी अंदाजाने पिळून हत्यारांची पेटी बंद करायचा.

गिऱ्हाइकं कमी का झाली, याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं: सगळे टोस्टरवाले झाले. आता त्याला टेकडीवरच्या चर्चमध्ये पियानो वाजवणाऱ्या एल्मा ट्रेगोनिंगची चिठ्ठी आठवली. वरचे सूर आंबट लागतात, एकदा येऊन बघाल का, असं तिने फेब्रुवारीत नम्रपणे लिहिलं होतं. त्याने पोस्टकार्डावर उत्तर पाठवलं होतं: "बाईसाहेब, पियानो उत्तम आहे. आपले कान बदलून घ्यावेत." ते कार्ड टाकताना तो पोस्टापर्यंत शीळ घालत गेला होता.

तीन दिवस तो कुठे गेला नाही. बहिणीने थिंबलबेरीच्या मुरंब्याची बाटली दाराशी ठेवली, ती त्याने संध्याकाळपर्यंत आत घेतली नाही.

शनिवारी सायकल तयार झाली. डॉरीनने ती बाहेर आणून दिली. त्याने पेटी कॅरिअरला आवळली आणि चढाला लागला. मोटरने त्याला खांद्याला धरून वर नेल्यासारखं नेलं. छाती शांत होती. इतक्या सहजपणे चढणं त्याला लबाडीसारखं वाटलं, आणि त्या लबाडीची त्याला मनापासून घृणा आली. फुटपाथवरची माणसं मान वळवून पाहत होती. एका बाईने तोंड वाकडं केलं. आपण शिट्टी वाजवत चाललो आहोत हे त्याला त्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं. पास्टीवाला दारात उभा होता. त्यानेही कपाळाला आठ्या घातल्या, मग कोण आहे ते पाहून हात वर केला. विल्होने वीस वर्षांत पहिल्यांदा त्याला उलट हात केला, पण घाईघाईने.

चर्चमध्ये एल्मा ट्रेगोनिंग उद्याच्या प्रार्थनेची वह्यापुस्तकं लावत होती. सत्तरीची, बुटकी, ताठ बाई. त्याला पाहून तिने पुस्तक खाली ठेवलं.

"मिस्टर कांगास. कान बदलून घ्यायला मला अजून सवड झाली नाही."

"बदलू नका," तो म्हणाला. पुढचं वाक्य त्याने चढावर तीनचार वेळा जुळवलं होतं. ते आता आठवेना. "मला हवेत. तासभर. वरच्या सप्तकापुरते."

एल्मा त्याच्याकडे बघत राहिली. एवढ्या वर्षांत त्याने तिचा किती वेळा पाणउतारा केला होता, याचा सगळा हिशेब तिच्या चेहऱ्यावरून जाताना दिसत होता. एखादा टोमणा तिच्या ओठांवर आलाही असेल.

"माझ्या वाजवण्याबद्दल तुमचं मत काय आहे, ते मला माहीत आहे," ती म्हणाली.

"ते बदललेलं नाही. तुम्ही वाईटच वाजवता. पण सूर आंबट आहे हे तुम्हाला कळलं. मला नाही कळलं."

ती खुर्ची ओढून पियानोच्या डाव्या अंगाला बसली. त्याने झाकण उघडलं, हत्यारांची पेटी सोडली, पहिल्या खुंटीवर ती पिळायची किल्ली बसवली. पट्टी दाबली. टक.

"खाली आहे," एल्मा म्हणाली. "बराच."

त्याने किल्ली किंचित ओढली. टक.

"अजून."

टक.

"अजून थोडा... थोडा... थांबा! गेला पुढे."

"नुसता हात वर करा. बोलू नका," तो खेकसला. मग त्याच्या मानाने बऱ्याच मऊ आवाजात म्हणाला, "बोललात तरी चालेल."

तिने हात वर धरला. तो पट्टीवर ठोके देत राहिला, किल्ली केसाकेसाने फिरवत राहिला. तिचा हात हळूहळू खाली येत गेला आणि मांडीवर थांबला. तिचा चेहरा उजळला होता. खिडकीकडे, कुठल्याशा चांगल्या गोष्टीकडे ती पाहत होती.

"लागला?"

"लागला."

त्याने पट्टी पुन्हा एकदा दाबली. लाकडावर लाकूड वाजलं. सवयीने त्याची मान डोलायला लागली, ती त्याने मध्येच थांबवली, आणि किल्ली काढून शेजारच्या खुंटीवर बसवली.

"पुढची," तो म्हणाला.