पेटीवरचं इंग्रजी आणि लालीबाईचा संशय

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो. बाजाची पेटी म्हणा किंवा हार्मोनियम म्हणा, पण आधीच सांगते, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. माझं झाकण कुणी उघडलं की पहिला विचार येतो, 'याला माझ्याकडून काय हवं असेल?' हा स्वभाव मी जन्मताना घेऊन आले नव्हते. तो मला माणसांनी लावला.

नागपूरच्या एका कारागिराने मला सागवानातून घडवलं. एकेका सुराचं पितळी पातं कानाशी धरून त्याने घासलं आणि भात्याला मऊ कातडं लावलं. घाटंजीच्या कचेरीत काम करणाऱ्या यज्ञेश्वररावांनी मला घरी आणलं. दर गुरुवारी ते भजनाला बसत आणि लोक म्हणत, "पेटी गोड आहे हो!" मला ते खरं वाटायचं. पुढे यज्ञेश्वररावांची बोटं आखडली आणि मी कपाटावर गेले. मला गोड म्हणणाऱ्यांपैकी एकानेही नंतर माझी चौकशी केली नाही. माझ्यावर आधी पापडाचा डबा आला, मग मोडक्या पंख्याची पाती आली. उंदराने भाता कुरतडला. त्या वर्षांत मी माणसांबद्दल जे ठरवायचं ते ठरवून टाकलं.

म्हणून यज्ञेश्वररावांच्या सुनेने, रत्नप्रभाबाईंनी, एक दिवस मला खाली काढून पुसलं तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी भात्याला नवं कातडं लावून घेतलं आणि मला गाडीत ठेवलं. मी म्हटलं, झालं, निघालो आपण मोडीत! पण गाडी थांबली ती फुलसावंगीजवळच्या एका बंजारा तांड्यावर, समाजमंदिरासमोर. रत्नप्रभाबाई जवळच्या शाळेत इंग्रजी शिकवतात आणि तांड्यावरच्या दहावीच्या मुलांना दर रविवारी सकाळी जास्तीचे धडे देतात. इंग्रजीला पेटी कशाला? इथे नक्की पाणी मुरत होतं.

आजवर माझ्यावर एका वेळी एक पट्टी दाबून गाणं निघत असे. बाईंनी एकदम तीन दाबल्या. मला वाटलं, यांना वाजवताच येत नाही.

"याला म्हणायचं कॉर्ड," त्या म्हणाल्या. "तीन सूर वेगळे आहेत, पण एकमेकांशी जुळले. ती हार्मनी."

मग त्यांनी मधलं बोट शेजारच्या काळ्या पट्टीवर सरकवलं. तेवढ्यानेच सगळ्या खोलीचा चेहरा पडला.

"आता कसं वाटतं?"

"रडू आल्यासारखं वाटते मॅडम," बादल नावाचा मुलगा म्हणाला.

बाईंनी फळ्यावर शब्द लिहिले. सॅड, लोन्ली, फेअरवेल. पुन्हा पहिली कॉर्ड वाजवली आणि लिहिलं, हॅपी, ब्राइट, टुगेदर. मुलं डोळे मिटून ऐकत आणि शब्द ओळखत. मला खरं तर मजा वाटत होती, पण मी ते कबूल केलं नाही. घरचा अभ्यास असा होता, की प्रत्येकाने दुःखी कॉर्डसाठी इंग्रजीत एक वाक्य करायचं आणि ते लांबवून गायचं.

उज्ज्वला नावाच्या मुलीने वाक्य केलं, 'मदर, आय अ‍ॅम गोइंग फार.' तिला अकरावीला यवतमाळला जायचं होतं. ते तिने बाईंना सांगितलं होतं. वडिलांना, देवसिंगला, सांगायचं धाडस होत नव्हतं. मला मागाहून कळलं, आठवडाभर नळावर, चुलीपाशी ती तेच वाक्य हुंदक्यासारखं लांबवून गुणगुणत राहिली.

पुढच्या रविवारी तिची आजी लालीबाई समाजमंदिराच्या पायरीवर येऊन बसली. आत येईना, बोलेना. नुसती माझ्याकडे रोखून बघायची. असे दोन रविवार गेले. मी तिला पक्कं ओळखलं होतं. ही बाई मला मोडायला आली आहे!

तिसऱ्या रविवारी ती देवसिंगला हाताला धरून घेऊनच आली. सरळ आत शिरली आणि माझा भाता दाबून धरला. माझा सूर जागीच गुदमरला.

"मास्तरीनबाई, माह्या नातीले कोनासाठी ढावलो शिकवून राह्यली तू?"

"ढावलो म्हणजे?" बाईंना काहीच कळेना.

"नवरी सासरी जाताना रडून गाते थे. लगीन ठरलं का तांड्यातल्या बाया पोरीले बसवून शिकवतात. इचं लगीन ठरलं, आन् मलेच मालूम नाही?"

उज्ज्वला हसायलाच लागली. "दादी, ढावलो नाही व्हय! इंग्रजीचा धडा हाय." तिने आजीचा हात भात्यावरून उचलला, तीन पट्ट्या दाबल्या, मधलं बोट काळीवर सरकवलं आणि आपलं वाक्य गाऊन दाखवलं. मग त्याचा अर्थ सांगितला. सगळी मुलं हसली. बाई हसल्या. मीही सुटकेचा श्वास सोडला.

देवसिंग मात्र हसला नाही. तो जमिनीकडे बघत होता. लालीबाईने ते बरोबर टिपलं.

"मास्तरीनबाईले मालूम नाही, पोरीले मालूम नाही. मंग तुह्या तोंडाचा रंग काहून उडाला रे?"

देवसिंग आईजवळ सरकला. मग पुटपुटला, "याडी, ढाणकीले गेलतो मी. पोरगं चांगलं हाय. नुसतं बोलणं झालं. येत्या रविवारी गूळ खायचा होता."

गूळ म्हणजे काय ते खोलीतल्या सगळ्या मुलांना ठाऊक होतं. तांड्याच्या प्रमुखासमोर, म्हणजे नायकासमोर, दोन्ही घरांनी गूळ खाल्ला की सोयरीक पक्की, शब्द मागे घेता येत नाही. उज्ज्वलाचं हसू जागच्या जागी थांबलं. ती पंधरा वर्षांची होती.

लालीबाई खाली बसली, अगदी माझ्याजवळ. "मले ढावलो शिकवला तवा मी बारा वर्साची होती. कायले रडाचं थेही समजत नव्हतं. मले कोनी इचारलं नाही." मग ती नातीकडे वळली. "तुले काय पाह्यजे? बापासमोर बोल."

उज्ज्वला बापासमोर जाऊन उभी राहिली. "बा, मले यवतमाळले शिकाले जायचं हाय."

देवसिंगने मान वर केली नाही. खिशातून फोन काढला, ढाणकीला लावला, पायरीवर गेला आणि सगळ्यांना ऐकू येईल असं बोलला, "रविवारी गूळ आणू नका. पोरगी शिकून राह्यली. नाही, आता नाही."

लालीबाई उठली. जाताना नातीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "ढावलो मीच शिकवीन तुले. पन तू म्हनशील तवा."

मित्रांनो, मला त्या दिवशी लाज वाटली. जिला मी मोडणारी समजले, तीच एका पोरीला सांभाळायला उन्हात पायरीवर बसली होती. संशय तिलाही आला होता आणि मलाही. पण मी झाकणाखाली कुढत राहिले, तिने आत येऊन विचारलं. एवढाच आमच्यातला फरक.

पेट्यांना जपा, हे तर मी सांगणारच. भात्याला ओल लागू देऊ नका, वर डबे ठेवू नका, वापर झाला की कापडाने नीट झाका. पण घरातल्या मुलीचं काही ठरवत असाल, तर ते तिच्यापासून झाकून ठेवू नका. तिला आधी विचारा.