झोपेची राखण

माझ्याजवळ नाक आणलंत, तर अजूनही मेंढराचा वास येईल. मित्रांनो, मी एक जुनी घोंगडी आहे. रंगानं काळी, काठाला करड्या पट्ट्या, आणि आता जागोजाग विरलेली. माझ्यासारखीनं समुद्र पाहिला असेल, परदेशातल्या आलिशान जहाजावर मुक्काम केला असेल, असं तुम्हाला वाटणार नाही. मलाही कधी वाटलं नव्हतं.

धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातलं ईट हे माझं गाव. तिथं कोंडीराम नावाचा शेतकरी जोंधळ्याच्या रानाबरोबर थोडी मेंढरंही सांभाळायचा. त्या मेंढरांच्या अंगावरची मी लोकर. गोरोबा विणकराच्या घरातल्या बायकांनी मला पिंजलं, माझं सूत काढलं, आणि गोरोबानं मला मागावर विणलं. मग चिंचोक्याची खळ चोपडून मला उन्हात ताणून वाळवलं. त्यामुळं सुरुवातीला मी पापडासारखी कडक होते आणि अंगाला टोचायची. गोरोबानं कोंडीरामला सांगितलं होतं, वापराल तशी ही माणसाळेल.

कोंडीरामनं मला खरोखर माणसाळवलं. पावसात तो माझी खोळ करून डोक्यावर घ्यायचा. रानात माझ्यावर बसून जेवायचा. त्याची लेक सोनाली जन्मली, तेव्हा थंडीचे दिवस होते. दगडाबाईनं, म्हणजे तिच्या आईनं, आधी मऊ लुगड्यात आणि मग वरून माझ्यात तिला गुंडाळलं. आल्यागेल्यानं माझ्यावर हात फिरवून म्हणावं, अशी घोंगडी आता मिळत नाही. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

पुढं बाजारात गुबगुबीत, फुलाफुलांची ब्लँकेटं आली. घरात ती आली आणि मी कडब्याच्या पेंढ्यांवर गेले. नंतर धान्याच्या पोत्यांखाली. कसरीनं मला खाल्लं, उंदरांनी एक कोपरा कुरतडला. मला कुणी रागानं टाकलं नव्हतं. सगळे फक्त विसरले होते. कोंडीराम वारला, तेव्हा दगडाबाईनं मला पोत्यांखालून ओढून काढलं, झटकलं, उन्हात घातलं आणि त्या दिवसापासून ती माझ्याशिवाय झोपली नाही.

सोनाली शिकली आणि उमरग्याच्या एका दवाखान्यात नर्स झाली. तिथंच तिचं सिद्धारामशी जमलं. सिद्धारामचं हायवेला ठिबकच्या पाइपांचं दुकान. घर लिंगायत व्यापाऱ्यांचं, घरात निम्मं बोलणं कानडीत. त्याचे वडील शिवलिंगप्पा लकवा मारल्यानं अंथरुणाला खिळलेले, आणि आई नीलम्मा रात्रंदिवस त्यांच्या उशाशी. लग्न दोन्हीकडच्यांच्या संमतीनं झालं, पण मनं काही जुळली नाहीत. लग्नानंतर दगडाबाईनं विहीणबाईंना ईटला जेवायला बोलावलं. पुरणाचा घाट घातला, गल्लीतल्या बायका मदतीला बोलावल्या. नीलम्मा आल्या नाहीत. जमणार नाही, एवढाच निरोप आला. नंतरही त्या कधी आल्या नाहीत. नवऱ्यापाशी एक दिवस दुसरं कुणी बसलं असतं की, असं दगडाबाई चुलीपाशी स्वतःशीच म्हणायची. आपलं घर त्यांना कमी वाटतं, हे तिच्या मनानं घेतलं ते घेतलंच.

मग शिवलिंगप्पा गेले. निरोप आला, तेव्हा पौषातली थंडी होती. दगडाबाई मला खांद्यावर टाकून निघाली आणि गाड्या बदलत दुपारी उमरग्याच्या स्टँडवर उतरली. तिथल्या बाकावर बसली आणि बसूनच राहिली. नंतर मला गच्च लपेटून परतीच्या गाडीत चढली. सोनालीला तिनं फोनवर सांगितलं, की ताप आला होता, म्हणून निघता आलं नाही. खरं काय ते फक्त मला माहीत होतं, आणि घोंगडीला कोण विचारतं?

नीलम्मांच्या मनाला ते लागलं. सख्खी विहीण मातीलाही आली नाही, असं त्या लेकाजवळ एकदाच म्हणाल्या.

शिवलिंगप्पा गेल्यावर तरी नीलम्मांना विसावा मिळेल, असं सगळ्यांना वाटलं होतं. पण त्यांची झोपच गेली. डोळा लागला न लागला, की दचकून उठायच्या आणि शेजारच्या रिकाम्या पलंगाकडं हात न्यायच्या. अन्न कमी झालं, रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, हवापालट करा. त्याच सुमारास सिद्धारामच्या पाइप कंपनीनं विक्रेत्यांची व्हिएतनामची सहल ठरवली. तिथल्या हालाँगच्या उपसागरात जहाजावर मुक्काम होता. सिद्धारामनं ठरवलं, की अव्वाला, म्हणजे आईला, न्यायचंच. सोनाली म्हणाली, मग माझ्याही आईला. आणि त्या दोघींसाठी जहाजावर मिळून एकच खोली घेतली गेली.

निघताना सोनालीनं मला पिशवीतून दोनदा बाहेर काढलं. तिथं मऊ दुलया असतात, असं ती आईला समजावत होती. दगडाबाईनं मला दोन्ही वेळा परत आत कोंबलं. विमानतळावर एका अधिकाऱ्यानं मला उलगडून झटकलं आणि त्याला शिंकांवर शिंका आल्या.

मित्रांनो, ते जहाज काय सांगू! पांढरंशुभ्र, आत पितळेचे चकचकीत कठडे. खोलीला भिंतभर काच, आणि काचेपलीकडं हिरवं, संथ पाणी. त्या पाण्यातून उभेच्या उभे डोंगर वर आलेले, झाडोऱ्यानं भरलेले. बालाघाटाचे डोंगर कुणी पाण्यात बुडवावेत आणि नुसती डोकी वर ठेवावीत, तसं ते दिसत होतं. लोक फोटो काढत होते. दगडाबाई मात्र न्हाणीघरात बादली शोधत होती, आणि नीलम्मा खुर्चीत बसून आपलं लुगडं पुन्हा पुन्हा नीट करत राहिल्या. रिकामे हात कुठं ठेवायचे, तेच त्यांना कळत नव्हतं.

खोली साफ करणाऱ्या मुलीनं मला पायपुसणं समजून दाराशी घातलं. दगडाबाईनं मला उचलून घेतलं. त्या खोलीत बोलणं असं फारसं नव्हतंच. "इनबाई, पाणी घ्या," "इनबाई, दिवा बंद करू का," इतकंच. विहीणबाईंना आमच्याकडं इनबाई म्हणतात.

जेवणाच्या दालनात टेबलं भरून पदार्थ होते, पण बहुतेक मासे आणि कोळंबी. नीलम्मा शाकाहारी. वेगळं जेवण सांगितलेलं होतं, तरी सगळ्यालाच माशाचा वास येतोय, असं त्यांना वाटे. त्या नुसती फळं खात होत्या. दगडाबाईच्या पिशवीत कडक भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी होती. ती पिशवीला हात लावायची आणि काढून घ्यायची. माझ्या चुलीवर मटण शिजतं, यांना चालणार नाही, असं तिच्या मनात असावं. एक विहीण उपाशी होती आणि दुसरी संकोचानं गप्प.

दुसऱ्या दिवशी पहाटे दगडाबाईला जाग आली, तर शेजारचा पलंग रिकामा. ती मला घेऊन वरच्या मजल्यावर गेली. तिथं मोकळ्या डेकवर लाकडी आरामखुर्च्या होत्या. धुकं इतकं, की डोंगर नुसते सावल्यांसारखे दिसत होते. गार वारा सुटला होता. एका खुर्चीच्या कडेवर नीलम्मा ताठ बसल्या होत्या, अंगात पातळ स्वेटर, ओठ काळेनिळे पडलेले.

दगडाबाईनं मला उलगडून त्यांच्या खांद्यांवरून घातलं आणि शेजारच्या खुर्चीत बसली. नीलम्मा थरथरत होत्या. मी त्यांना जमेल तेवढी ऊब दिली. मग त्या पाण्याकडं बघतच बोलल्या.

"ह्याच वक्ताला त्यांना कूस बदलून द्यायची असायची. अजून जाग येती."

दगडाबाईनं माझी घसरलेली कड त्यांच्या खांद्यावर सारखी केली.

"इनबाई, तुम्ही त्यांच्या मातीला आला न्हाईत."

मला वाटलं, आता दगडाबाई तापाचं कारण सांगेल. तिनं माझं टोक हातात धरलं आणि चुरगाळलं.

"आल्ते म्या," ती म्हणाली. "उमरग्याच्या स्टँडवर उतरले. बाकड्यावर बसले. मनात आलं, ह्या कधी माझ्या दारात आल्या न्हाईत. आता म्या रडत त्येंच्या दारात गेले, तर त्येंला बरं वाटंल का न्हाय, कुणाला ठावं? पाय उचलंना. परत फिरले."

जहाजाच्या खाली पाणी चुबुकचुबुक वाजत होतं. नीलम्मांनी मान वळवून पहिल्यांदाच विहिणीकडं नीट पाहिलं.

"मला कुठं यायला जमत होतं, इनबाई?" त्या म्हणाल्या. "माझ्याशिवाय दुसऱ्यानं हात लावला, की ते रडायचे. ल्हान लेकरावानी. दुकान चालवलेला, भल्याभल्यांना दरडावलेला माणूस. त्यांचं रडणं मी बाहेर कसं सांगावं? म्हणून जमणार न्हाई, एवढंच म्हणायची. सिद्धारामलासुद्धा म्या सांगितलं न्हाई."

दगडाबाईनं पदरानं डोळे पुसले. "म्या लई येगळं समजले," ती म्हणाली.

"मी पन," नीलम्मा म्हणाल्या.

दगडाबाई उठली. तिनं नीलम्मांना खुर्चीत मागं रेलायला लावलं, त्यांचे पाय उचलून वर ठेवले आणि मला हनुवटीपर्यंत ओढलं.

"आता निजा. म्या हाय जागी."

"पहाट झाली की. लिंगपूजा व्हायचीय अजून."

"देवाला कळतंय. निजा तुमी."

नीलम्मांचं अंग आधी लाकडासारखं ताठ होतं. हळूहळू हात सैल पडला, मग मान कलली. त्यांचा श्वास लांब झाला. मित्रांनो, मी पुष्कळ माणसं पांघरली आहेत, पण इतकी दमलेली झोप कधी पाहिली नव्हती.

उजाडलं, तसा सोनाली आणि सिद्धाराम आईला शोधत धावतच वर आले. होडीतून गुहा पाहायला जायचं होतं. दगडाबाईनं ओठांवर बोट ठेवलं. सिद्धाराम जवळ आला, आईच्या तोंडाकडं बघत उभा राहिला आणि एकदम पाठमोरा झाला. सोनालीनं त्याचा हात धरला. दगडाबाईनं दोघांना हातानंच खुणावलं, तुम्ही जा.

तेवढ्यात डेकवर सकाळच्या कवायतीसाठी प्रवासी जमू लागले. त्या देशात हळूहळू हात फिरवत व्यायाम करायची रीत आहे. शिकवणाऱ्या तरुणानं मोठ्यानं गाणं लावलं. दगडाबाई तडक त्याच्याकडं गेली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तिनं दोन्ही तळवे जोडून गालाखाली धरले, मान कलती केली आणि माझ्याकडं बोट दाखवलं. तरुणानं पाहिलं. त्यानं गाणं बंद केलं, सगळ्यांना कुजबुजत काही सांगितलं, आणि देशोदेशींची ती माणसं धुक्यात हात फिरवत आवाज न करता व्यायाम करू लागली. मधोमध उमरग्याच्या नीलम्मा माझ्याखाली झोपलेल्या.

नंतर बारीक भुरभुर आली. लोक आत पळाले. थेंब माझ्या लोकरीवर मोत्यांसारखे बसले, आत उतरले नाहीत. दगडाबाईनं माझी एक बाजू नीलम्मांच्या डोक्यावरून घेतली आणि स्वतः पदर डोक्यावर ओढून बसून राहिली. जहाज डोंगरांच्या मधून चाललं होतं. पाण्यात उभी कमान गेली, मोत्यांच्या शिंपल्यांची शेतं गेली, तरंगणाऱ्या घरांचं गाव गेलं. ज्यासाठी लोक सातासमुद्रापलीकडून येतात, ते सगळं शेजारून गेलं. एकीनं ते पाहिलं नाही आणि दुसरीनं धड पाहिलं नाही, कारण तिचं लक्ष पहिलीच्या श्वासाकडं होतं.

ऊन वर आल्यावर नीलम्मा जाग्या झाल्या. जाग येताच सवयीनं त्यांचा हात बाजूला गेला आणि दगडाबाईच्या गुडघ्यावर पडला. सगळं ध्यानात आलं, तशा त्या रडल्या. नवरा गेल्यापासून त्या मोकळं रडल्या नव्हत्या, असं सोनाली नंतर सांगत होती. दगडाबाईनं त्यांना रडू दिलं. मग त्या खाली खोलीत गेल्या, आंघोळ केली, लिंगपूजा केली, कपाळाला भस्म लावलं आणि आपण होऊनच म्हणाल्या, "इनबाई, तुमच्या पिशवीत भाकरी हाय न्हवं?"

"कडक झालीया."

"माझे दात शाबूत हाईत."

भिंतभर काचेसमोर दोघी विहिणी जमिनीवर माझ्यावरच मांडी घालून बसल्या आणि चटणीशी भाकरी खाल्ली. माझ्यावर तेलाचा डाग पडला. तो अजून आहे.

परतल्यावर उमरग्यात शेजारणी विचारायला आल्या, की जहाजावरून काय काय पाहिलं? सिद्धारामनं फोनवर ढीगभर फोटो दाखवले. नीलम्मांना विचारलं, तर त्या हसून म्हणाल्या, "मी झोपले होते." शेजारणींना वाटलं, सहल वाया गेली.

यंदा उन्हाळ्यात नीलम्मा ईटला राहायला आल्या. दगडाबाईनं त्यांच्यासाठी नवीन पातेली आणली होती. दुपारी दोघी लिंबाच्या सावलीत आडव्या होतात. कधी एक घोरते, कधी दुसरी. मी मात्र आता फार विरले आहे. सोनाली म्हणते, हिला चौकट करून उमरग्याच्या घरात भिंतीला लावू, शोभेल. तिचा हेतू चांगला आहे, पण मित्रांनो, भिंतीला थंडी वाजत नाही.

तुमच्याही घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला वर्षातून एकदा ऊन दाखवा, घडीत कडुलिंबाचा पाला ठेवा, आणि मुख्य म्हणजे तिला वापरा. आणखी एक मागणं आहे. घरात एखादं माणूस असतं, जे आजाऱ्याचं, म्हाताऱ्याचं, लेकराचं करता करता स्वतः झोपायचं विसरून जातं. त्याला 'जरा आराम करा' असं नुसतं दारातून सांगून जाऊ नका. आत या. त्याच्या अंगावर काहीतरी पांघरा. आणि त्याला जाग येईपर्यंत तिथंच बसून राहा.