परसूची कुंची

मित्रांनो, माझं वय अवघं सात वर्षांचं. पण कुंचीला एवढ्यात म्हातारपण येतं. तुमच्याही डोक्यावर कधी ना कधी माझी एखादी बहीण बांधलेली असणार. टाळू झाकायची, कान झाकायचे, पाठीवर ऊब धरायची आणि हनुवटीखाली बंदांची गाठ मारून घ्यायची, हे आमचं काम. मी ते फार चांगलं केलं. इतकं चांगलं की त्याचा मला आजही पस्तावा होतो.

बहात्तरच्या दुष्काळाच्या तोंडावर, राणीसावरगावात, चांगुणाबाईंनी मला शिवलं. वरून हिरवा खण, आत त्यांच्या जुन्या लुगड्याचं अस्तर, मधे धोतराचा एक थर. नातवंड व्हायचं होतं आणि म्हातारीला हौस दांडगी. शेंड्याला लाल गोंडा लावून ती मला शेजारणींना दाखवत फिरली. मीही फुगले. नातू झाला. त्याच्या वडिलांनी, म्हणजे पंडित मास्तरांनी, नाव ठेवलं प्रसेनजित. आजीच्या जिभेला ते वळेना, म्हणून तो झाला परसू. त्याची आई पंचफुला मला बांधायला लागली की तो गोंडा तोंडात घालायला धडपडायचा.

सात महिन्यांचा असताना, ऐन उन्हाळ्यात, त्याला ताप भरला. ताप आला की झाकायचं, घाम सुटला की उतरतो, असं सगळेच धरून चालायचे. मला घट्ट बांधलं, वर वाकळ टाकली. मी इमानानं ऊब धरली. दुसऱ्या दिवशी घाम यायचा थांबला, कातडी तव्यासारखी कोरडी झाली, आणि मी धरतच राहिले. गंगाखेडच्या दवाखान्यात न्यायला त्याला घेऊन घरचे फाट्यावर एस.टी.ची वाट बघत उभे होते, तिथंच तो माझ्या आत गप्प झाला.

रीतीप्रमाणे मी त्याच्याबरोबर मातीत जायला हवं होतं. पंचफुलानं मला सोडलं नाही. कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलं. अधूनमधून काढायची, नाकाशी धरायची, परत ठेवायची. 

दोन वर्षांनी मुलगी झाली, सुजाता. आजी मात्र तिला कडू म्हणू लागली. नाव कडू असलं की मरण तोंड वाकडं करून पुढं जातं म्हणे.

"माय, धम्म घेतला तवाच हे सगळं सोडलं, वीस वर्सं व्हायला आली त्याला," मास्तर चिडायचे.

"तुमी सोडलं आसंल," म्हातारी म्हणायची. "मरणानं सोडलंय का?"

आणि पंचफुलानं मला ट्रंकेतून बाहेर काढलं. मेलेल्याचं कापड जित्याला घालू नये म्हणून चांगुणाबाई आडव्या आल्या, पण सून ऐकेना. सुजाताचं डोकं आत आलं तेव्हा, मित्रांनो, मला भीती वाटली. माझ्या आत एक डोकं आधीच होतं.

सुजाता आठ महिन्यांची असताना शाळेतल्या दत्तराव मास्तरांनी टूम काढली, की रविवारी दोन्ही घरांनी मिळून डोंगर चढायचा. माथ्यावरून गंगा दिसते, असा त्यांचा दावा. आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पण त्या माथ्यावरून ती पाहिलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. परसू गेल्यापासून पंचफुला गावाबाहेर पडली नव्हती. पंडित मास्तरांनी गळ घातली, दत्तरावांच्या मालनबाईंनी घातली. शेवटी ती एका अटीवर निघाली. लेकरू तिच्याच कडेवर राहील आणि कुंची कुणी काढायची नाही.

"डोंगराचं वारं लय वंगाळ," आजीनं दारातून बजावलं. "कान उघडे पडू देऊ नगंस."

शिमगा जवळ आला होता. सकाळी छान गारवा होता. भाकरी, ठेचा, फिरकीचा तांब्या घेऊन मंडळी निघाली. दत्तराव पुढं, तोंडाचा पट्टा चालू. चढ लागला तसं ऊनही चढलं, खडक तापले. अर्ध्या वाटेत सुजाताची मान घामानं भिजली. थोड्या वेळानं घाम थांबला. गोंड्याशी खेळणारा हात खाली पडला. ती कोरडी कातडी मी ओळखली. पंचफुलानंही ओळखली असावी, कारण तिनं चालता चालता माझी गाठ आणखी आवळली आणि म्हणाली, "परसू, झोपू नगं रं."

मास्तर जागच्या जागी थांबले.

काढा मला, काढा, असं मी आतून ओरडत होते. पण कापडाचं कोण ऐकतं?

वळणावर झरा होता. तिथं कोंडाबाई नावाची मेंढकीण मेंढरांना पाणी पाजत होती. तिनं एकदाच लेकराकडं पाहिलं.

"बाई, पोरीला उकडायलंय. आदी ते डोक्यावरचं काढ."

"न्हाई. वारं लागंल."

"आगं, माझं कोकरूबी उन्हानं आशीच मान टाकतंय. तवा काय त्याला वाकळ घालू?"

तिनं जात विचारली नाही, गाव विचारलं नाही. हात पुढं करून उभी राहिली.

"पंचफुला, काढ ती," मास्तर म्हणाले.

"एक गेलंय माझं!" ती किंचाळली. मग तिनं माझ्याखाली हात घालून सुजाताच्या कपाळाला लावला, आणि तिथंच थबकली. तीच धग. तिचा तळवा ती विसरला नव्हता.

तिची बोटं गाठीवर आली. घामानं भिजून सुकलेली गाठ सुटेना. तिनं दात लावले, हिसडा दिला आणि माझा बंद तुटला. मित्रांनो, तुटताना इतकं बरं वाटेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

कोंडाबाईनं मलाच झऱ्यात बुडवलं आणि लेकराच्या मानेवरून, काखेतून, कपाळावरून फिरवलं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला गारवा दिला. दत्तराव टोपी काढून तिला वारा घालू लागले. मग सुजातानं असं भोकाड पसरलं की मेंढरं बिथरली. मालनबाई रडता रडता हसायला लागल्या.

पंचफुलानं लेकराला पदराखाली घेतलं. पण ती हसली नाही. दुसऱ्या हातात मी होते, पाणी गळत. ती माझ्याकडं बघत राहिली.

"म्हंजी माझा परसू..."

 कोंडाबाई तिच्याजवळ खाली बसली.

"तवा कुणाला ठावं व्हतं, बाई," ती म्हणाली.

माथा राहिलाच. गंगा कुणीच पाहिली नाही.

आता सुजाता चार वर्षांची आहे आणि मी पुन्हा ट्रंकेत. तुटलेला बंद शिवायला चांगुणाबाई सुई घेऊन आल्या होत्या. पंचफुलानं त्यांच्या हातातून सुई काढून घेतली. आळीत कुणाचं तान्हं तापलं की ती मला घेऊन जाते. आईसमोर तो तुटका बंद धरते आणि म्हणते, "आदी गाठ सोडा. मग दवाखान्यात पळा."

मित्रांनो, माझी तेवढीच विनवणी आहे. मला जपू नका. तुमच्या धाकट्या भावंडाचं अंग तापलं, तर माझ्या बहिणींची गाठ आधी सोडा. आम्हाला ऊब धरता येते, सोडता येत नाही. परसूची अजून माझ्या अस्तरात आहे.