डाव्या पायाचं माप

"अरे, पोरीच्या पायाला दोरा गुंडाळलाय! कात्री आणा कुणीतरी!"

नुकतीच आजी झालेली म्हातारी इस्पितळाच्या खोलीतून ओरडली, तसा शिंपी हातातला चहा खिडकीत टेकवून आत धावला. आजी चष्मा नाकावर ओढून नखाने दोऱ्याचं टोक शोधत होती. बाळाच्या डाव्या घोट्याच्या वर करकोचा पडला होता, घट्ट सुतळी आवळल्यावर पडतो तसा, पण पार हाडाला भिडलेला. त्याखालचं इवलंसं पाऊल टम्म सुजून जांभळं झालं होतं.

दोरा मात्र कुठेच नव्हता.

"गर्भपिशवीला आतून पातळ अस्तर असतं," डॉक्टरीणबाईंनी समजावलं. "क्वचित ते फाटतं. त्याच्या चिंध्या बाळाला वेढा घालतात. का फाटतं ते नक्की कळत नाही. दोष कुणाचाच नाही."

अस्तर! शिंप्याने बायकोकडे पाहिलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. दुकानात बेतायचा-कापायचा तो, शिवायची ती. कोटाचं अस्तर तर दुसऱ्या कुणाच्या हाती जायचंच नाही. "बाहेरून यांची कात्री दिसते, आतून माझी अब्रू," असं ती गिऱ्हाइकांदेखत त्याला चिडवायची.

"अगं, अस्तर कुणी फाडत नाही. फाटतं," तो हळूच म्हणाला.

"पण शिवणारी मीच होते ना?"

त्याने तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

डॉक्टरीणबाई त्याच दिवशी अर्धा वेढा सोडवणार होत्या. सरळ चीर दिली तर व्रण आवळून पुन्हा करकोचा पडतो, म्हणून नागमोडी कापून शिवायचं. उरलेला अर्धा वेढा काही महिन्यांनी. पण सगळा खेळ रक्तावर होता. ते खाली पावलात उतरलं, तरच पाऊल राहणार.

बाहेरच्या बाकावर शिंपी हात जोडून बसला. 'देवा, तुझ्या हातून टाका निसटला असं मी म्हणणार नाही. म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण तूही आमच्यातलाच, माणसं शिवणारा. एवढं एक पाऊल सैल करून दे.'

दुसऱ्या दिवशी बोटं गुलाबी दिसली. "लाजतेय बघ ठकी माझी!" आजी हसली, आणि पोरीला ते नाव चिकटलं. शिंपी हसला. भिंतीकडचं तोंडसुद्धा जरा इकडे वळलं.

मग बोटांवरचा गुलाबी रंग मावळला. आधी करंगळी काळवंडली, पाठोपाठ तळवा. आत रक्ताची वाटच पुरती बुजली होती.

"पाऊल मेलंय," डॉक्टरीणबाई खाली बघत म्हणाल्या. "ठेवलं तर विष वर चढेल आणि बाळच हातचं जाईल. तुम्ही हो म्हणालात तर..."

"कापा," शिंपी म्हणाला. रोज कापडावर खडूची रेघ ओढताना मनात म्हणायचा तोच शब्द.

ठकी घरी आली. जखम भरली. शिंपी दुकानात जायचा, कापड पसरायचा आणि कात्री हातात घेऊन नुसता बसायचा. कापड कापलं जाईना.

एके दुपारी बायको दुकानात आली आणि ठकीला मांडीवर घेऊन त्याच्यासमोर बसली. बाळंतपणाआधी शिवलेला पिवळा लेंगा तिने टेबलावर ठेवला.

"अहो, डावा पाय आखूड करून द्या. मी शिवते."

"राहू दे ना लांब. झाकलेलं राहील. लोक बघतात गं."

"बघू देत! उद्या रांगायला लागली की लोंबतं कापड तिच्याच पायात येईल. आपल्या दुकानातलं गिऱ्हाईक बेमापाचे कपडे घालून फिरणार?"

"मीच 'कापा' म्हणालो गं," शिंप्याचा आवाज फाटला.

"म्हणालात, म्हणून ही मांडीवर आहे." तिचेही डोळे वाहत होते. तिने ते पुसले नाहीत. "अस्तर फाटलं ते माझ्या वाट्याचं, कापलं ते तुमच्या. रडू की दोघं. आधी माप घ्या."

त्याने टेप काढली. ज्या पायाकडे इतके दिवस डोळा भरून बघितलं नव्हतं, त्याला आज पहिल्यांदा हात लावला. नागमोडी टाक्यांची वाट पुसून गेली होती. शेवटाला कोवळी, गोल कातडी होती, कोमट आणि मऊ. ठकीने पाय झाडला. टेप सुटली. त्याने पुन्हा लावली, तिने पुन्हा झाडली.

"धर गं तिला," तो म्हणाला. "देवा... किती जोर आहे."

बायकोने पाय धरला. त्याने माप घेतलं, खडूने रेघ ओढली आणि बराच वेळ त्या रेघेकडे पाहून कात्री उचलली.