विहिरीतला तांबडा थर

१९७६ साली महानंदा हत्तुरे सोलापूरच्या एका कॉलेजात अकरावीला भूशास्त्र शिकवायला लागली, तेव्हा तिच्या विषयाचे शिक्षक सबंध जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतके होते. पुस्तकात पहिला धडा ग्रॅनाइटचा, दुसरा संगमरवराचा. मुलींनी पाहिलेला दगड एकच, काळा. त्या पाठ करायच्या आणि विसरायच्या.

एका दुपारी ती भवानी पेठेत ‘अध्यापनवाट’ मासिकाच्या कचेरीत गेली. कचेरी म्हणजे यंत्रमागांच्या शेजारची खोली. निवृत्त हेडमास्तर शिवयोगी बिराजदार एकट्याच्या हिमतीवर हे मासिक चालवत.

“सर, व्याकरणावर दर महिन्याला लेख असतो. आमच्या विषयावर एक ओळ नाही,” ती मागांच्या खडखडाटात जवळजवळ ओरडूनच म्हणाली.

“तुम्ही शिक्षक किती?”

“चार-पाच.”

“मग चार-पाच जणांसाठी छापू की. लिहा तुम्ही.”

तिनं आजवर काही लिहिलं नव्हतं. ती मुलींना घेऊन अक्कलकोट रस्त्याला गेली. तिथं रेवणप्पा नावाचा शेतकरी नवी विहीर खणत होता.

“या की,” तो म्हणाला. “पर काठापासनं लांब हुबं ऱ्हावा.”

विहिरीच्या भिंतीवर ऊन पडलं होतं. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा खडक. त्याखाली हातभर तांबडा थर आणि खाली पुन्हा काळा खडक.

“बाई, मधेच तांबडं कसं?” एका मुलीनं आपणहून विचारलं.

“वरून लोखंडाचा गंज झिरपला असणार,” महानंदा म्हणाली. लेखातही तिनं तेच लिहिलं.

शिवयोगींनी लेख दोनदा परत केला. “वाचताना मला विहीर दिसत नाही,” ते म्हणाले. तिसऱ्या खेपेला सत्तरीचा हा माणूस लेख हातात धरून महानंदाबरोबर स्वतःच विहिरीवर गेला आणि एकेक थर ओळखू लागला. मुरमालाच ते तांबडा थर समजले. महानंदानं तिथंच बसून चार ओळी वाढवल्या. मग लेख छापला.

काही दिवसांनी कुर्डुवाडीहून रामहरी नावाचे शिक्षक थेट कचेरीत आले. महानंदा तिथंच होती.

“बाई, तुमचा लेख वाचून पोरांना विहिरीवर नेलं. असा तास मी कधी घेतला नव्हता. पण ते गंजाचं काही पटत नाही.”

महानंदाचा चेहरा उतरला. शिवयोगींनी रामहरींपुढे कोरा कागद सरकवला. “तेही लिहा. छापतो.”

“सर, म्हणजे माझी चूक चारचौघांत?”

“चूक की बरोबर, ते विहिरीत उतरून बघा. मी दोन्ही छापीन.”

दुसऱ्या दिवशी दोघं शिडीनं विहिरीत उतरले. रामहरींनी वरच्या खडकाच्या भेगा दाखवल्या. “गंज वरून झिरपला, तर ह्या तांबड्या नकोत का?”

भेगा स्वच्छ होत्या. महानंदानं हातोडी घेतली. तांबडा थर वरच्या बाजूला पक्क्या विटेसारखा टणक लागला, खाली मात्र भुसभुशीत.

“ही जुनी माती आहे,” ती एकदम म्हणाली. “पहिला लाव्हा निवला, झिजला, त्याची माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आणि तिला भाजून गेला!”

“भाजल्याचं मला सुचलंच नव्हतं,” रामहरी खुल्या मनानं म्हणाले.

नवा लेख दोघांच्या नावानं आला. आपलं आधी काय चुकलं, ते महानंदानं पहिल्याच परिच्छेदात सांगितलं होतं. शिवयोगींनी व्याकरण मागं सारून त्याला पहिलं पान दिलं. मग मंगळवेढ्याहून, बार्शीहून शिक्षक आपापल्या विहिरींबद्दल लिहू लागले. दिवाळीनंतर ते सगळे आणि शिवयोगीही विद्यार्थ्यांना घेऊन रेवणप्पाच्या रानात जमले. त्याच्या बायकोनं, दानम्मानं, कडक भाकरी आणि शेंगाचटणी वाढली.

“दगडं बगायला यवडी मानसं?” तिला हसू आवरेना.

महानंदानं तिला काठाजवळ नेऊन तांबडा थर दाखवला. “मावशी, तुमच्या रानाखाली अजून एक रान आहे. लई जुनं.”

दानम्मा वाकून बघत राहिली. “मग त्यात काय उगवत हुतं?”

शिवयोगींनी खिशातलं पेन काढलं आणि पुढच्या अंकासाठी दानम्माच्या नावासकट तो प्रश्न लिहून घेतला.